स्वयंपाकघरातली कबुली

गेल्या अंकातील सदरात मी ‘द अमेरिकन्स’ या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील दहाव्या भागाविषयी लिहिले होते. ‘स्टिंगर्स’ नावाच्या या भागात स्वयंपाकघरात घडणारा जो एक प्रसंग आहे, त्याच्याइतके धाडसी काही मी दूरचित्रवाणीवरील हेरकथांत पाहिलेले नाही, असे विधानही जरा बेधडकपणे करून टाकले होते. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुक थोडे आणि हरकती जास्त आहेत, ही आनंदाची गोष्ट. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांनाच देत आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कथेचा काळ १९८१ ते १९८७ आणि स्थळ वॉशिंग्टनला लागून असलेले व्हर्जिनियातील फॉल्स चर्च हे उपनगर. फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज हे जोडपे पर्यटन कंपनी चालवते, त्यांना पेज आणि हेन्री ही दोन मुले आहेत, दारात गाडी आहे, शेजाऱ्यांशी चांगले संबंध आहेत. प्रत्यक्षात दोघेही केजीबी या सोव्हिएत हेरखात्याचे अधिकारी आहेत, त्यांचा विवाह वरिष्ठांनी जुळवलेला आहे आणि मुलांना यातले काहीही ठाऊक नाही. समोरच्या घरात राहायला आलेला स्टॅन बीमन हा एफबीआयच्या प्रतिहेरगिरी विभागात काम करतो. एफएक्स वाहिनीवर ३० जानेवारी २०१३ ते ३० मे २०१८ या काळात सहा पर्वांत मिळून ७५ भाग दाखवले गेले. पुढच्या उत्तरांत शेवटासकट सगळे उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना मालिका कोरी पाहायची आहे त्यांनी इथेच पान उलटावे.

प्रश्न : आपण एवढी शिफारस केलीत म्हणून मी हा भाग दोनदा पाहिला. आईवडील आणि मुलगी स्वयंपाकघरात बोलतात, एवढेच त्यातले लक्षात राहते. यात थरार कुठे आहे? आणि इतके कसलेले हेर एका शाळकरी मुलीच्या चार प्रश्नांपुढे असे गुडघे टेकतील, हे पटते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. फिलिप आणि एलिझाबेथ यांनी पेजपुढे गुडघे टेकले, हे मला मान्य नाही. हे दोघे स्वयंपाकघरात येतात तेव्हा त्यांच्या पाठीवर जवळजवळ एका वर्षाचे ओझे आहे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस मॉस्कोतील ‘केंद्रा’ने, म्हणजे केजीबीच्या मुख्यालयाने, त्यांना कळवलेले असते, की पेजला आता या कामासाठी तयार करायचे आहे. मागणीमागचा हिशेब सरळ आहे. आईवडिलांची कागदपत्रे बनावट असल्यामुळे सीआयएमध्ये किंवा एफबीआयमध्ये त्यांना कधीच शिरकाव मिळणार नाही, मात्र अमेरिकेत जन्मलेली आणि तिथल्याच शाळेत शिकलेली मुलगी कोणत्याही चौकशीतून पार पडेल. अशाच एका दुसऱ्या हेर कुटुंबात हा प्रयोग आधी झालेला असतो आणि त्याचा शेवट मुलाने आईवडिलांना व बहिणीला ठार मारण्यात झालेला असतो. हे माहीत असूनही एलिझाबेथला वाटते, की मुलीला आपण कोण आहोत हे कळावे. फिलिप मात्र कोणत्याही परिस्थितीत तिला यात ओढू देणार नाही. तिसरे पर्व म्हणजे बव्हंशी या दोघांतली धुमसती लढाई आहे. ती निकाली निघण्याआधीच पेज त्यांच्यासमोर येऊन उभी राहते.

ती आरोप करत नाही, हे नीट पाहा. ती मोजदाद करते. तुम्ही रात्री-अपरात्री उठून कामाला जाता, आपल्याकडे कोणी नातेवाईक कधी येत नाही, काहीतरी आहे हे मला कळते, मी मूर्ख नाही, असे ती सांगते. घरात वावरणाऱ्या मुलाने वर्षानुवर्षे न बोलता गोळा केलेला हा पुरावा आहे. एफबीआयचा माणूस समोरच्या घरात राहून जे जमवू शकला नाही ते हिने गोळा केले, कारण घर आतून फक्त तिला दिसत होते. मग ते दोघे एकमेकांकडे पाहतात. माझ्या दृष्टीने भागातला खरा स्फोट म्हणजे ती नजर आहे, कारण इतक्या महिन्यांच्या वादाचा निर्णय त्या क्षणी एकही शब्द न उच्चारता घेतला जातो आणि तो आपल्या डोळ्यांदेखत घेतला जातो.

आता ते काय सांगतात ते तपासा. आमचा जन्म दुसऱ्या देशात झाला, तो देश सोव्हिएत युनियन, आम्ही त्या देशासाठी काम करतो, एरवी मिळणार नाही अशी माहिती मिळवतो. ‘हेर’ हा शब्द पेजला स्वतःच उच्चारावा लागतो. आणि ते काय सांगत नाहीत? माणसे मारली, हे सांगत नाहीत. बापाचे दुसऱ्या नावाने दुसरे लग्न झालेले आहे, हे सांगत नाहीत. अंथरुणाचा उपयोग हत्यारासारखा करावा लागतो, हे तर नाहीच नाही. सांगून झाल्यावर लगेच अट येते : हे कोणालाही कळले, तर आम्ही कायमचे तुरुंगात जाऊ. नव्या खबऱ्याला गळाला लावताना हे दोघे जी रीत वापरतात, तीच ही रीत आहे. समोरच्याला पचेल तेवढेच सत्य द्यायचे, ते ध्येयवादात गुंडाळून द्यायचे आणि मग आपली मान त्याच्या हातात ठेवायची, म्हणजे त्याला सोडून जाता येत नाही. दोघांनी हे जाणूनबुजून केले, असे मी म्हणत नाही. उलट, ते त्या क्षणी अगदी मनापासून बोलत आहेत. पण वीस वर्षे एकच धंदा केलेल्या माणसाला मनापासून बोलायलासुद्धा धंद्याचीच भाषा येते, हे त्या प्रसंगात दिसते. ती मुलगी त्यांना रशियन बोलून दाखवायला सांगते आणि ते बोलतात, तेव्हा स्वतःच्या आईवडिलांचा आवाज तिला परका वाटू लागतो. थरार म्हणतात तो मला तरी तिथे सापडला.

एक गोष्ट मागच्या वेळी लिहायची राहून गेली. याच्या आदल्या भागात, म्हणजे नवव्यात, एलिझाबेथ रात्री एका दुरुस्तीच्या कार्यशाळेत शिरते आणि तिथे हिशेब पाहत बसलेल्या एका वृद्ध बाईशी तिची गाठ पडते. साक्षीदार मागे ठेवता येत नाही, म्हणून ती त्या बाईला तिच्याच औषधाच्या गोळ्या एकामागून एक घ्यायला लावते. गोळ्यांचा परिणाम होईपर्यंत दोघी बोलत बसतात आणि त्या बोलण्यात एलिझाबेथ स्वतःविषयी खरे सांगते. याने जग सुधारेल असे तुला वाटते का, असे ती बाई विचारते. दुष्ट कृत्ये करणारी माणसे स्वतःची अशीच समजूत घालतात, असेही ऐकवते. हा भाग २५ मार्च २०१५ रोजी आणि ‘स्टिंगर्स’ १ एप्रिल २०१५ रोजी दाखवला गेला. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने एलिझाबेथने दोन व्यक्तींना खरे सांगितले. त्यांतली एक सकाळपर्यंत जिवंत राहणार नव्हती आणि दुसरी तिची लेक होती. लेखकांनी हे दोन भाग असे लागोपाठ ठेवले, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

‘स्टिंगर्स’मध्येच पुढे स्टॅन जेवायला येतो. सगळे नेहमीसारखे बोलत असतात आणि पेज एकेकाच्या तोंडाकडे पाहत बसलेली असते. त्या जेवणात ती पहिल्यांदा आईवडिलांच्या बतावणीत सामील होते. तिला कोणी शिकवलेले नसते. गप्प बसणे एवढेच पुरेसे असते.

प्रश्न : शीर्षकातला ‘स्टिंगर’ कुठे आला? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : स्टिंगर हे खांद्यावरून डागायचे, विमाने व हेलिकॉप्टर पाडणारे अमेरिकी क्षेपणास्त्र. सोव्हिएत सैन्याशी लढणाऱ्या अफगाण बंडखोरांच्या हातात ते प्रत्यक्ष पडले १९८६ मध्ये. मालिकेचे तिसरे पर्व १९८३ च्या आरंभी संपते, त्यामुळे तिथे सारी चर्चा अमेरिका या बंडखोरांना काय देणार, याभोवतीच फिरते. मूळ शब्दाचा अर्थ नांगी मारणारा असाही होतो आणि या भागात नांगी कोण कोणाला मारते, ते आपण पाहिलेच.

प्रश्न : हे सगळे कपोलकल्पित आहे, की याला काही आधार आहे? माझा मुलगा म्हणतो, हे खरे घडले आहे. (एक वाचिका, सांगली)

उत्तर : आपला मुलगा अर्धा बरोबर आहे. मालिकेचे जनक ज्यो वाइसबर्ग हे लेखक होण्याआधी सीआयएमध्ये नोकरीला होते. तिथे त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट पाठलागांची किंवा पिस्तुलांची नव्हती. परदेशी नेमणुकीवर असलेले अधिकारी आपल्या मुलांना आपल्या नोकरीविषयी खोटे सांगतात आणि मुले एका वयाला आली, की त्यांना समोर बसवून खरे सांगतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘स्टिंगर्स’मधल्या प्रसंगाचे बीज मला त्यात दिसते.

मालिकेला निमित्त झाले ते मात्र २०१० चे. त्या वर्षी २७ जून रोजी एफबीआयने अमेरिकेत दहा जणांना अटक केली. त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे बनावट नावांनी राहत होते आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे कामही तितकेच जुने होते. यांपैकी एक जोडपे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे डोनाल्ड हीथफील्ड आणि ट्रेसी फोली या नावांनी राहत होते. त्यांची खरी नावे आंद्रेई बेझरुकोव्ह आणि येलेना वाव्हिलोव्हा. वापरलेली नावे कॅनडात तान्हेपणीच मरण पावलेल्या बालकांची होती. जन्माचा दाखला खरा, त्यावरून काढलेली पुढची सारी कागदपत्रे खरी, फक्त ते मूल या जगात नव्हते. हा रशियन हेरखात्याचा जुना मार्ग आहे.

अटकेच्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाचा विसावा वाढदिवस होता. दुपारी चौघेही एका भारतीय उपाहारगृहात जेवून आले होते. घरी आल्यावर दार वाजले, तेव्हा मुलाचे मित्र आले असावेत असे आईला वाटले. दारात काळ्या गणवेशातली सशस्त्र तुकडी उभी होती. मुलांनी पुढे सांगितले, की काहीतरी मोठी चूक झाली आहे अशीच त्यांची सुरुवातीला समजूत होती.

आता उरलेला अर्धा भाग. या दहा जणांनी कोणाचा खून केला नव्हता. त्यांच्यावर हेरगिरीचा आरोपसुद्धा ठेवला गेला नाही. परकीय सरकारचे हस्तक म्हणून नोंदणी न करता काम करण्याचा कट, एवढाच गुन्हा त्यांनी ८ जुलै रोजी कबूल केला आणि दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाच्या विमानतळावर रशियाने सोडलेल्या चौघांच्या बदल्यात त्यांना परत पाठवण्यात आले. पेटीत कोंबलेली प्रेते, विषाच्या सुया, आठवड्याला एक मुडदा हा दूरचित्रवाणीचा मालमसाला आहे. खऱ्या हेराचे आयुष्य बहुधा गृहकर्जाचे हप्ते भरण्यात, मुलांच्या शाळेतल्या पालकांशी ओळखी वाढवण्यात आणि रात्री रेडिओवर आकड्यांचा संदेश उतरवून घेण्यात जाते. असे वास्तव कोणती वाहिनी ७५ भाग दाखवील?

प्रश्न : मालिकेत या हेरांना ‘इल्लीगल’ म्हणतात. सगळेच हेर बेकायदेशीर नसतात का? आणि याला मराठीत काय म्हणावे? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. हेरखात्यांच्या बोलीत ‘लीगल’ म्हणजे दूतावासाच्या आडून काम करणारा. तो कागदोपत्री व्यापार-सचिव असेल, सांस्कृतिक अधिकारी असेल, परंतु त्याच्या खिशात राजनैतिक पारपत्र असते. पकडला गेला तर यजमान देश फार तर त्याला परत पाठवतो. ‘इल्लीगल’ला हे छत्र नसते. त्याचा आपल्या सरकारशी संबंध आहे हेच मुळी कोणाला माहीत नसते. सापडला, तर सरळ तुरुंग. या फरकाचा एका कुटुंबाच्या आयुष्यात पुढे किती मोठा उपयोग झाला, ते खाली येईलच.

मराठी शब्दासाठी आपल्याला फार शोधावे लागणार नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका जागी वस्ती करून राहणाऱ्या हेरांना ‘संस्था’ म्हटले आहे आणि त्यांचे पाच प्रकार दिले आहेत : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस. यांतला गृहपतिक म्हणजे उपजीविका गमावलेला परंतु बुद्धिमान असा शेतकरी, ज्याला राजाने जमीन आणि साधने देऊन गृहस्थ म्हणून बसवायचे. शेजाऱ्यांना दिसतो तो प्रपंच, आत चालते ते राजकार्य. फॉल्स चर्चच्या जेनिंग्जना याहून चपखल शब्द मला तरी सुचत नाही. आपल्याकडे हेर म्हटले, की बहिर्जी नाईक आठवतात आणि त्यांच्या नावाभोवती सोंगांच्या अनेक कथा आहेत. पण ते सोंग आज फकिराचे तर उद्या गोसाव्याचे, म्हणजे फिरस्त्याचे. वीस वर्षे एकच सोंग, आणि तेही बापाचे, ही निराळीच जात आहे. ‘गृहस्थ हेर’ म्हटले, तर कानाला फार खटकू नये. ‘बेकायदा हेर’ मात्र नको, त्यात आपण म्हणता तसा विनोद होतो.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळात यावरून पैजा लागल्या. एक केसांचा टोप आणि एक चष्मा एवढ्या भांडवलावर फिलिप एफबीआयमधल्या बाईशी लग्न करतो आणि तिला वर्षानुवर्षे कळत नाही, हे कसे मानायचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मानू नका. रात्रंदिवस जवळ असलेल्या बायकोला टोप कळणार नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे आणि मालिकेने ही सवलत प्रेक्षकांकडून मागून घेतलेली आहे. पण घेतलेली सवलत ती फेडते कशी, ते पाहा. याच पर्वाच्या बाराव्या भागाच्या अखेरीस फिलिप मार्थासमोर तो टोप उतरवतो. केसांत रुतवलेल्या एकेक पिना काढत, घाई न करता, तो क्लार्क नावाच्या नवऱ्याला मोडून टाकतो आणि ती समोर बसून पाहत राहते. लेकीपुढे शब्दांनी, दुसऱ्या बायकोपुढे टोपाने, अशा दोन कबुल्या दोन भागांच्या अंतराने होतात. पुढे मार्थाचे काय होते ते आठवले, म्हणजे यांतली कोणती अधिक क्रूर होती यावर तुमच्या मंडळाला आणखी एक पैज लावता येईल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ही मालिका मी माझ्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीबरोबर पाहिली आणि आमचे चक्क भांडण झाले. माझ्या मते पेजने पाद्र्याला सांगायला नको होते. आईवडिलांनी एवढा विश्वास टाकला, तिने तो मोडला. मुलगी म्हणते, तिने केले ते बरोबर केले. आपले मत काय? (एक वाचिका, एडिसन)

उत्तर : ताई, माय-लेकींच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये हे मला कळते, तरी आपण विचारलेच आहे म्हणून सांगतो. मी आपल्या मुलीच्या बाजूचा आहे, पण तिच्याहून वेगळ्या कारणासाठी.

पेज फोन करते तो तिसऱ्या पर्वाचा अखेरचा भाग. त्याचे नावच ‘८ मार्च १९८३’ असे आहे. त्याआधी एलिझाबेथ तिला घेऊन पश्चिम बर्लिनला गेलेली असते, कारण तिची स्वतःची आई मृत्युशय्येवर आहे आणि म्हातारीला काही वेळापुरते तिथल्या हॉटेलात आणण्याची व्यवस्था झालेली असते. चाकांच्या खुर्चीत बसलेली आजी, तिच्या मांडीवर डोके ठेवून रशियनमध्ये बोलणारी आई आणि एक अक्षरही न कळता बाजूला उभी असलेली नात. पेजला भाषा येत नाही, तरी नाते मात्र कळते. त्यानंतर तिने आईला विचारलेला प्रश्न असा असतो, की पोटच्या मुलीला कायमचे दूर जाऊ देणे हिला जमले तरी कसे? एलिझाबेथच्या दृष्टीने आईचा तो त्याग हे सर्वांत अभिमानाचे स्थान आहे. मुलीला त्यात नेमके भय दिसते. परदेशात वाढलेल्या मुलीला गावाकडच्या आजारी आजीला भेटायला नेण्याचा अनुभव आपल्या बहुतेक वाचकांना असेल. आपण तिला मुळे दाखवायला नेतो आणि ती काहीतरी भलतेच पाहून येते.

परत आल्यावर पेज खोलीत बसून आपल्या चर्चचे पाद्री टिम यांना फोन करते आणि रडत सांगते, की हे दोघे खोटे बोलतात, मलाही खोटे बोलायला लावतात, ते अमेरिकी नाहीत, ते रशियन आहेत. दुसऱ्या खोलीत दूरचित्रवाणीवर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे भाषण चालू असते. त्यात ते सोव्हिएत युनियनला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हणतात. हे भाषण खरोखरच ८ मार्च १९८३ रोजी फ्लोरिडातील ऑरलँडो येथे झाले होते आणि समोर बसलेला श्रोतृवर्ग इव्हँजेलिकल ख्रिस्ती संघटनेच्या अधिवेशनाचा होता. म्हणजे राष्ट्राध्यक्ष धर्मोपदेशकांना सांगत आहेत की तिकडे दुष्ट राहतात, आणि त्याच वेळी एक मुलगी आपल्या धर्मोपदेशकाला सांगते आहे की ते माझ्या घरात राहतात.

आता विश्वासाविषयी. आपण म्हणता, आईवडिलांनी विश्वास टाकला. मला तसे वाटत नाही. त्यांनी आपले ओझे तिच्या डोक्यावर ठेवले आणि ते उतरवायला एकही जागा शिल्लक ठेवली नाही. मोठ्यांना निदान एकमेकांशी बोलता येते. ज्या रात्री त्यांना झोप येत नाही, त्या रात्री दोघे एकाच खोलीत असतात. पेजला भावाशी बोलता येत नाही, मैत्रिणीशी येत नाही, आणि नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या त्या मुलीपाशी प्रार्थनेखेरीज दुसरे काही उरलेले नाही. तिने पाद्र्याला सांगितले ते देशप्रेमाने नव्हे, की सूडानेही नव्हे. आपल्या मुलीने ते धैर्य म्हणून पाहिले असेल, तर तिथे मात्र मी तिच्याशी सहमत नाही. मला ते एकटेपण वाटते. पेजने पोलिसांना फोन केलेला नाही, हेही आपण दोघींनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : मग मुलांना न सांगणेच बरे नव्हे का? धाकटा हेन्री काही न कळता सुखाने वाढतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हेन्रीच्या सुखाची किंमत अखेरच्या भागात कळते. डिसेंबर १९८७ मध्ये जोडपे पळून जायला निघते, तेव्हा हेन्री दूरच्या वसतिगृहात शिकत असतो. त्याला बरोबर न्यायचे नाही, असे ठरते. रस्त्यावरच्या फोनवरून ते त्याला दोन साध्या गोष्टी सांगतात. तो मित्रांत रमलेला असतो, त्याला बोलणे उरकायचे असते, आणि तो फोन शेवटचा आहे हे त्याला समजत नाही. खरे काय ते त्याला स्टॅन सांगणार असतो. जिला माहीत होते ती पेज सीमेवर आगगाडीतून स्वतःच्या निर्णयाने उतरून मागे राहते. ज्याला माहीत नव्हते त्याच्या वतीने सारे निर्णय इतरांनी घेतले.

प्रत्यक्षातली उदाहरणे याहून कठोर आहेत. केंब्रिजच्या त्या जोडप्याची दोन्ही मुले कॅनडात जन्मलेली होती. आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असे ती सांगत आली आहेत. थोरल्याला तयार केले जात होते, अशी बातमी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापून आली, तीही त्यांनी नाकारली. तरी कॅनडाने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. आधार असा, की परकीय सरकारच्या प्रतिनिधींच्या किंवा नोकरांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळत नाही. धाकट्याने भांडून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९ डिसेंबर २०१९ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. कोल्हापूरच्या गुरुजींना दिलेले उत्तर इथे आठवावे. न्यायालय म्हणाले, की तो अपवाद ज्यांना राजनैतिक विशेषाधिकार आणि संरक्षण मिळते त्यांच्याच मुलांसाठी आहे, आणि या आईवडिलांना तसले काहीही नव्हते. छत्र नव्हते म्हणून आईवडील तुरुंगात गेले आणि छत्र नव्हते म्हणूनच मुलाला देश परत मिळाला. आज कॅनडातील प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासात ‘वाव्हिलोव्ह’ हे नाव पदोपदी येते आणि त्यामागे वाढदिवसाची ती दुपार आहे.

दुसरी घटना अगदी अलीकडची. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथे अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून राहणाऱ्या एका जोडप्याला डिसेंबर २०२२ मध्ये अटक झाली. बाई चित्रांची दालने चालवत होती, नवरा संगणक व्यवसायात होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी अंकारा येथे झालेल्या मोठ्या कैदी-अदलाबदलीत दोघे सुटले. त्यांची मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा. आपण रशियन आहोत, हे मुलांना अंकाराहून मॉस्कोला जाणाऱ्या विमानातच कळले, असे क्रेमलिनच्या प्रवक्त्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यांना रशियन येत नव्हते. विमान उतरल्यावर अध्यक्ष पुतिन यांनी पुष्पगुच्छ देऊन त्यांचे स्वागत केले आणि मुलांना स्पॅनिशमध्ये शुभरात्री म्हटले. आपल्याला भेटायला आलेले हे गृहस्थ कोण, असे मुलांनी आईवडिलांना विचारले होते, असेही प्रवक्त्याने सांगितले. ‘स्टिंगर्स’मधल्या पेजला निदान स्वतःचे स्वयंपाकघर होते, वर जाऊन दार लावून घ्यायला खोली होती आणि पटत नाही म्हणायला अवधी होता. या दोघांना विमानातल्या आसनाचा पट्टा होता.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिच्याबरोबर पाहावी का? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : इतक्यात नको. तिसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागात एक मृतदेह घडी घालून प्रवासी पेटीत बसवला जातो आणि ती हाडे मोडण्याची कडकड मोठ्यांनाही सहन होत नाही. तिसऱ्या भागात घरच्या घरी पकडीने दात उपटण्याचा प्रसंग आहे. शृंगारिक दृश्यांविषयी वेगळे सांगायला नको. अगदीच दाखवायचे असेल, तर आधी आपण एकट्याने पाहा, म्हणजे कुठे पुढे सरकवायचे ते कळेल. मात्र ‘स्टिंगर्स’मधला स्वयंपाकघराचा प्रसंग तिच्या शेजारी बसून पाहणार असाल, तर तो संपल्यावर ती आपल्याला काही विचारील, त्याची तयारी ठेवा. आमच्याकडे धाकटीने विचारले होते, की बाबा, तुमच्या कपाटाच्या वरच्या खणाला कुलूप का असते? त्यात विम्याची कागदपत्रे आहेत, हे तिला अजूनही पुरते पटलेले नाही.